फाइलनामाचा प्रत्यय आणि कंपायलरचा भाषानिर्णय

मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा एकाच देवनागरी लिपीत लिहिल्या जातात. एखाद्या कागदावर ‘संशोधन’ एवढा एकच शब्द लिहिलेला आढळला, तर मराठी वाचक त्यावरून ज्ञानक्षेत्रातील शोधकार्य समजेल आणि हिंदी वाचक दुरुस्ती समजेल. ‘शिक्षा’ या शब्दाने एकाला दंड आठवेल, तर दुसऱ्याला शिक्षण. अक्षरे तीच, उच्चारही बहुतांशी तोच. अर्थ मात्र भिन्न. तो शब्द कोणत्या भाषेतील आहे याचा निर्णय नुसती अक्षरे न्याहाळून होत नाही. वाचकाला ते ज्ञान संहितेच्या बाहेरून मिळालेले असते: ग्रंथाचे मुखपृष्ठ, वृत्तपत्राचे नाव, पत्र आलेले गाव, लिहिणाऱ्याची ओळख.

संगणकासाठी रचलेल्या कृत्रिम भाषांच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो. मनुष्याने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राला आचरता येईल अशा आज्ञांत रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. त्याच्यापुढे ठेवलेली संहिता कोणत्या भाषेतील आहे हे त्याला कसे कळते? उत्तर अगदी साधे आहे. प्रचारातील बहुतेक कंपायलर संहिता वाचून तिची भाषा ओळखण्याच्या खटपटीत पडत नाहीत. ते फाइलच्या नावाचा शेवट पाहतात. नावातील अखेरच्या टिंबानंतर येणाऱ्या या अंशास व्यवहारात ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी व्याकरणातील ‘प्रत्यय’ हा शब्द योजिला आहे. हा प्रत्यय भाषेचा पुरावा नसून केवळ घोषणा आहे, कंपायलर ती घोषणा शंका न घेता स्वीकारतो, आणि घोषणा चुकीची असली तरी प्रत्येक वेळी दोष उघड होतोच असे नाही, हे येथे दाखवावयाचे आहे. उदाहरणे मुख्यतः ‘जीसीसी’ या कंपायलरची घेतली आहेत. प्रत्ययांची रोमन अक्षरे उच्चारानुसार देवनागरीत दिली असून, अन्यथा सांगितले नसेल तेथे ती लहान रूपातील समजावीत.

(१) प्रत्ययाची पूर्वपीठिका

फाइलच्या नावाला प्रकारदर्शक शेपूट जोडण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६१ मध्ये प्रथम दाखविण्यात आलेल्या ‘सीटीएसएस’ या प्रणालीत प्रत्येक फाइलला प्रत्येकी सहा अक्षरांपर्यंतची दोन नावे असत. पहिले तिचे स्वतःचे आणि दुसरे तिच्या प्रकाराचे. पुढे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या यंत्रांवर सहा अक्षरांचे नाव व तीन अक्षरांचा प्रत्यय अशी पद्धत रूढ झाली. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘सीपी/एम’ने आठ आणि तीन अक्षरांचे प्रमाण स्वीकारले, आणि १९८१ मधील ‘एमएस-डॉस’ने तेच पुढे चालविले. तेथे टिंब हे फाइलच्या नोंदीत साठविलेलेही नसे. आठ स्थाने नावाची व तीन स्थाने प्रत्ययाची अशी अकरा स्थाने राखून ठेवलेली असत, आणि टिंब केवळ मनुष्याच्या सोयीसाठी दाखविले जाई.

युनिक्स या प्रणालीने मात्र निराळी भूमिका घेतली. तेथे टिंब हे नावातील इतर अक्षरांसारखेच एक अक्षर मानले गेले. प्रणालीच्या गाभ्याला प्रत्यय म्हणून काही ठाऊकच नाही; नावाचा शेवट अर्थपूर्ण मानावयाचा की नाही, हे तो वाचणाऱ्या प्रोग्रामने ठरवावयाचे. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेल्या ‘सी’ भाषेचा कंपायलर असा अर्थ मानणाऱ्यांपैकी एक होता. १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत त्याची आज्ञा ‘.सी’ने संपणारी फाइल सी भाषेतील, ‘.एस’ने संपणारी फाइल असेम्ब्ली भाषेतील, आणि बाकीच्या फाइली जोडणीसाठी, अशी सरळ वाटणी करी. आजचा व्यवहार म्हणजे याच वाटणीचा विस्तार होय.

(२) चालक आणि चार टप्पे

जीसीसीची पहिली आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा तो सी भाषेचा कंपायलर होता. पुढे अनेक भाषा सामावल्यामुळे १९९९ पासून त्या आद्याक्षरांचा अर्थ ‘कंपायलरांचा संग्रह’ असा मानला जाऊ लागला. ‘जीसीसी’ ही आज्ञा दिली असता जो प्रोग्राम चालू होतो, तो स्वतः भाषांतर करीत नाही. तो केवळ चालक आहे. संहिता कोणाकडे पाठवावयाची हे ठरवून तो प्रत्यक्ष काम करणाऱ्या इतर प्रोग्रामांना एकामागून एक बोलावितो.

हे काम चार टप्प्यांत होते. पहिला टप्पा पूर्वसंस्काराचा. यात इतर फाइलींतील मजकूर संहितेत आणून घातला जातो, संक्षेप उलगडले जातात व विशिष्ट अटींवर काही ओळी ठेवल्या किंवा गाळल्या जातात. दुसरा टप्पा खऱ्या भाषांतराचा. यात संहितेचे असेम्ब्ली भाषेत रूपांतर होते. तिसऱ्यात असेम्ब्लर त्यावरून यंत्राज्ञांची फाइल तयार करितो, आणि चौथ्यात लिंकर अशा अनेक फाइली जोडून एक चालणारा प्रोग्राम सिद्ध करितो.

प्रत्यय या चालकाला दोन गोष्टी सांगतो: भाषा कोणती, आणि कोणत्या टप्प्यावर आत शिरावयाचे. ‘.सी’ म्हणजे सी भाषा, आरंभ पहिल्या टप्प्यापासून. ‘.आय’ म्हणजे सी भाषाच, परंतु पूर्वसंस्कार झालेली, आरंभ दुसऱ्यापासून. ‘.एस’ म्हणजे असेम्ब्ली, आरंभ तिसऱ्यापासून. ‘.ओ’ म्हणजे यंत्राज्ञांची फाइल. तिला केवळ जोडणी हवी. संस्कृत व्याकरणात धातूला लागलेला प्रत्यय एकाच वेळी पुरुष आणि वचन या दोहोंचा बोध करून देतो. येथेही एकच प्रत्यय भाषा व अवस्था या दोहोंचा बोध करून देतो, एवढे साम्य लक्षात ठेवण्याजोगे आहे.

(३) एक संहिता, दोन भाषा

चालकाने संहिता पाहूनच भाषा ओळखली तर काय बिघडेल, अशी शंका येथे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर सी आणि सी-प्लस-प्लस यांच्या संबंधात सापडते. ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये आरंभिलेली व १९८३ मध्ये नामकरण झालेली सी-प्लस-प्लस ही सीपासूनच वाढलेली भाषा आहे. परिणामी असंख्य संहिता दोन्ही भाषांत शुद्ध ठरतात. त्या कोणत्या भाषेच्या, हा प्रश्न संहितेपुरता निरुत्तर आहे.

हे साम्य नेहमीच निरुपद्रवी नसते. एकेरी अवतरणचिन्हांत ठेवलेले एक अक्षर घ्यावे, व ते स्मृतीत किती बाइट जागा व्यापते असे प्रोग्रामला विचारावे. सी भाषेत अशा अक्षरस्थिरांकाची गणना पूर्णांकात होते. म्हणून प्रचलित यंत्रांवर उत्तर ४ येते. सी-प्लस-प्लसमध्ये तो अक्षरजातीचाच असतो. म्हणून उत्तर १ येते. दोन्ही वेळा संहिता अक्षरशः एकच आहे, दोन्ही वेळा ती व्याकरणशुद्ध आहे, आणि कोणताही इशारा मिळत नाही. बदलला तो फक्त फाइलच्या नावाचा शेवट. ‘संशोधन’ या शब्दाची जी गत दोन वाचकांच्या हाती होते, तीच येथे दोन भाषांतरकारांच्या हाती होते.

भाषानिर्णयाचा दुसरा परिणाम जोडणीच्या वेळी दिसतो. ‘सम’ या तीन रोमन अक्षरांच्या नावाचे आणि दोन पूर्णांक घेणारे फंक्शन सीमध्ये लिहिले, तर लिनक्सवरील यंत्राज्ञांच्या फाइलीत त्याचे नाव ‘सम’ असेच राहते. सी-प्लस-प्लसमध्ये मात्र एकाच नावाची, पण निरनिराळी मूल्ये घेणारी अनेक फंक्शने असू शकतात. त्यामुळे नावाला ओळखीची चिन्हे जोडावी लागतात. जीसीसी त्या नावाआधी अधोरेषा, मोठा ‘झेड’ आणि अक्षरसंख्या ३, आणि नंतर दोन पूर्णांकांचे निदर्शक म्हणून दोन ‘आय’ लिहितो. एका फाइलीने मूळ नाव हाक मारावे व दुसरीने हे चिन्हांकित नाव धारण करावे, असे झाले की लिंकरला ते फंक्शन सापडत नाही. निदान येथे दोष बोलका होतो.

यातच आज्ञेच्या नावाचीही भर पडते. ‘जी-प्लस-प्लस’ हा त्याच संग्रहातील दुसरा चालक ‘.सी’, ‘.एच’ व ‘.आय’ या प्रत्ययांच्या फाइलीही सी-प्लस-प्लसच्याच मानतो आणि जोडणीच्या वेळी त्या भाषेचे प्रमाण ग्रंथालय आपण होऊन जोडतो. उलट ‘जीसीसी’ला ‘.सीपीपी’ फाइल दिली, तर तो भाषा योग्य ओळखतो, पण ते ग्रंथालय जोडीत नाही. अर्थात प्रत्यय हा अंतिम शब्द नव्हे. तो कोणापुढे उच्चारला गेला, यावरही त्याचा अर्थ अवलंबून आहे.

(४) लहान व मोठी अक्षरे

देवनागरीत नसलेला एक भेद येथे निर्णायक ठरतो, तो रोमन अक्षरांच्या लहान व मोठ्या रूपांचा. जीसीसीच्या दृष्टीने लहान ‘.सी’ म्हणजे सी भाषा आणि मोठा ‘.सी’ म्हणजे सी-प्लस-प्लस. युनिक्सच्या परंपरेत हे दोन प्रत्यय सर्वस्वी भिन्न आहेत. परंतु विंडोज व मॅक यांच्या नेहमीच्या मांडणीत नावांची तुलना करताना हा भेद पाहिला जात नाही, आणि एमएस-डॉसमध्ये तर आठ-तीन पद्धतीची सर्व नावे मोठ्या अक्षरांतच नोंदली जात. अशा प्रणालीतून मोठ्या रूपातच परत आलेली सी भाषेतील फाइल युनिक्सवर पोहोचताच सी-प्लस-प्लसची ठरावी, असा प्रसंग त्यामुळे संभवत होता.

नव्या भाषेचे नाव सरळ प्रत्ययात घ्यावे, तर आठ-तीन पद्धतीच्या नावांत अधिक चिन्हाला मज्जाव होता. म्हणून अधिक चिन्हाच्या जागी ‘प्लस’चे आद्याक्षर घेऊन ‘.सीपीपी’, तर तिरपे केलेले अधिक चिन्ह भासणारे अक्षर घेऊन ‘.सीएक्सएक्स’ असे प्रत्यय प्रचारात आले, युनिक्सवर ‘.सीसी’ रूढ झाला. जीसीसी हे सर्व समानार्थी मानतो. एकाच अर्थाला इतके प्रत्यय असण्याचे कारण भाषेत नसून फाइलव्यवस्थांच्या इतिहासात आहे.

असेम्ब्लीच्या बाबतीत हाच भेद अवस्था सांगतो. लहान ‘.एस’ फाइल थेट असेम्ब्लरकडे जाते, मोठ्या ‘.एस’ फाइलीवर आधी पूर्वसंस्कार होतो. लिनक्सच्या गाभ्यातील हाताने लिहिलेल्या असेम्ब्ली फाइली या मोठ्या प्रत्ययाच्या आहेत. पूर्वसंस्काराच्या सूचना ज्या चिन्हाने सुरू होतात, तेच चिन्ह इंटेल घराण्याच्या यंत्रांवरील ग्नू असेम्ब्लरच्या व्याकरणात टिपणीचे आहे. त्यामुळे अशा फाइलीचा प्रत्यय चुकून लहान झाला, तर ‘अमुक अट असेल तर’ आणि ‘नाहीतर’ या सूचना टिपणी समजून सोडल्या जातात, व परस्परांना पर्याय असलेल्या दोन्ही आज्ञासमूहांचे भाषांतर होऊ शकते.

(५) जेथे प्रत्यय निष्प्रभ असतो

संहितेत बाहेरून आणून घातल्या जाणाऱ्या फाइलींना शीर्ष-फाइली म्हणतात. त्यांचा रूढ प्रत्यय ‘.एच’. त्या अशा रीतीने आत आल्या असता त्यांच्या प्रत्ययाला काही महत्त्व उरत नाही. पूर्वसंस्कारक त्यांचा मजकूर जसाच्या तसा आत ओततो आणि पुढे तो यजमान फाइलच्या भाषेतच वाचला जातो. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या सी-प्लस-प्लसच्या आपल्या शीर्ष-फाइलींच्या नावांना प्रत्ययच नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

मात्र यामुळे एकच शीर्ष-फाइल आज सीच्या आणि उद्या सी-प्लस-प्लसच्या घरी जाऊ शकते. तिला द्वैभाषिक व्हावे लागते. यजमान भाषा सी-प्लस-प्लस आहे काय, हे ती एका ठरावीक संक्षेपाच्या अस्तित्वावरून ओळखते, आणि तसे असल्यास ‘पुढील नावे सीच्या रीतीनेच ठेवावीत’ अशी सूचना देते. वर सांगितलेला नावांचा घोळ याच उपायाने टाळला जातो. येथे भाषेची घोषणा नावाकडून संहितेकडे आली आहे, हे विशेष होय.

(६) फोर्ट्रानचा धडा

प्रत्ययाच्या चुकीचे सर्वांत गंभीर रूप फोर्ट्रानमध्ये पाहावयास मिळते; आणि गणित, पदार्थविज्ञान, हवामानशास्त्र यांतील पुष्कळ जुने प्रोग्राम याच भाषेत असल्याने विद्यापीठीय संशोधकाला तो विषय परका नाही. आयबीएमने १९५७ मध्ये प्रचारात आणलेली ही भाषा ऐंशी स्तंभांच्या छिद्रित पत्रांवर लिहिली जाई. पहिले पाच स्तंभ क्रमांकाचे, सहावा मागील ओळ चालू असल्याच्या खुणेचा, सात ते बहात्तर विधानाचे. त्र्याहत्तरपासून पुढचे आठ स्तंभ कंपायलर पाहतच नसे; कारण ज्या ७०४ यंत्रासाठी भाषा रचली गेली, त्याचा पत्रवाचक बहात्तरच स्तंभ वाची. या मांडणीस स्थिर रूप म्हणतात. फोर्ट्रान ९० या प्रमाणाने स्तंभांचे बंधन नसलेले, १३२ वर्णांपर्यंत ओळ चालविणारे मुक्त रूप आणले.

जीसीसीमधील फोर्ट्रान कंपायलर ‘.एफ’ हा प्रत्यय पाहून स्थिर रूप आणि ‘.एफ९०’ हा प्रत्यय पाहून मुक्त रूप गृहीत धरितो. ‘.एफ९०’ म्हणजे १९९० सालचीच भाषा असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. ‘.एफ९५’, ‘.एफ०३’ व ‘.एफ०८’ यांनाही तो मुक्त रूपाचेच प्रत्यय मानतो. भाषेचे प्रमाण कोणते, हे निराळ्या पर्यायाने सांगावे लागते.

आता एक लांब ओळ कल्पावी. तिच्या शेवटी ३.१४१५९ ही संख्या आहे, आणि तिच्यातील ‘३.१’ एवढा भाग बहात्तराव्या स्तंभापर्यंत संपतो. बाकीची विधाने स्थिर रूपाच्या नियमांतही बसतात. अशी फाइल ‘.एफ’ या प्रत्ययाने दिली, तर उरलेले अंक पत्राच्या समासात पडल्यासारखे दुर्लक्षिले जातात, आणि प्रोग्राम ३.१ ही संख्या घेऊन निमूटपणे गणित करितो. इशाऱ्यांचा पर्याय मागितला नसेल, तर कंपायलर याविषयी काहीच बोलत नाही. उत्तर मिळते, ते केवळ खोटे असते.

स्थिर रूपात रिकाम्या जागांनाही अर्थ नसतो. शब्दांत अंतर न ठेवता सलग लिहिलेल्या मोडी कागदात पदच्छेद वाचणाऱ्याला करावा लागतो, तसाच तो येथे कंपायलरला करावा लागतो. ‘डू १० आय = १,१०’ या ओळीने आवर्तन सुरू होते; स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले, तर त्याच अक्षरांतून ‘डू१०आय’ नावाच्या एका राशीला १.१० हे मूल्य देणारे विधान निघते, आणि राशींची पूर्वघोषणा सक्तीची केलेली नसेल तर ते शुद्धही ठरते. मुक्त रूपात रिकामी जागा पदे वेगळी करिते. तेथे हीच ओळ अशुद्ध म्हणून अडविली जाते. एका प्रत्ययाने झाकलेली चूक दुसऱ्या प्रत्ययाने उघडी पडते.

(७) अनोळखी आणि अनामिक

ओळखीचा प्रत्यय नसलेली फाइल आली तर जीसीसी भाषेविषयी तर्क करीत नाही. ती यंत्राज्ञांची फाइल समजून तो तिला लिंकरकडे धाडतो. म्हणून सी भाषेतील निर्दोष संहिता ‘.टीएक्सटी’ या प्रत्ययाने दिली, की तक्रार लिंकरकडून येते, आणि तीही फाइलीचे स्वरूप ओळखता न आल्याची. नवशिक्या विद्यार्थी अशा वेळी संहितेत दोष शोधीत बसतो. दोष नावात असतो.

फाइलीऐवजी संहिता थेट प्रवाहातून दिली, तर तिला नावच नसते. अशा वेळी भाषा स्पष्ट सांगा, नाहीतर केवळ पूर्वसंस्कारावर थांबा, असे सांगून जीसीसी काम नाकारितो. नाव नसेल तर भाषा नाही, हे तत्त्व येथे सर्वांत स्वच्छपणे दिसते.

भाषा स्पष्ट सांगण्यासाठी ‘-एक्स’ हा पर्याय आहे. त्यापुढे भाषेचे नाव दिले की प्रत्यय विचारात घेतला जात नाही. मात्र ही आज्ञा तिच्यानंतरच्या सर्व फाइलींना लागू होते. त्यांत एखादी ‘.ओ’ फाइल असेल तर तीही संहिता म्हणून वाचण्याचा प्रयत्न होतो. म्हणून अधिकार परत प्रत्ययाकडे सोपविण्यासाठी त्याच पर्यायापुढे ‘नन’, म्हणजे कोणतीही नाही, असे लिहावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्येही याच हेतूचे पर्याय आहेत. आणि ‘क्लँग’चा सी-प्लस-प्लस चालक ‘.सी’ फाइल सी-प्लस-प्लस म्हणून घेताना ही रीत यापुढे टाळावी असा इशारा देतो.

(८) निष्कर्ष

सारांश, भाषा हा संहितेचा अंगभूत गुण आहे असे जे सामान्यतः वाटते, ते कृत्रिम भाषांच्या बाबतीतही पूर्णतः खरे नाही. संहिता अनेक भाषांत शुद्ध असू शकते. तिचा अर्थ ती कोणत्या भाषेतील मानली गेली यावर अवलंबून राहतो. म्हणून कंपायलरने तर्क न करिता घोषणेवर विसंबावे, ही योजना सदोष नसून समंजस आहे. तर्क करणारा भाषांतरकार कधी बरोबर येईल, कधी चुकेल, आणि केव्हा चुकला हे कळणार नाही. घोषणा मानणारा निदान प्रत्येक वेळी एकच नियम पाळतो.

परंतु या योजनेने जबाबदारी लिहिणाऱ्यावर आणि जतन करणाऱ्यावर येते. प्रबंधातील निष्कर्ष ज्या प्रोग्रामवर आधारलेले असतात, त्याची नुसती संहिता जपून ठेवल्याने तो प्रोग्राम जपला गेला असे होत नाही. फाइलींची मूळ नावे लहानमोठ्या अक्षरांसह, वापरलेला चालक, त्याची आवृत्ती आणि दिलेले पर्याय यांची नोंद संहितेसोबत असावी. आणि भाषांतर करिताना इशारे मागून घ्यावेत. हस्तलिखिताच्या संपादकाला पुष्पिकेवाचून जसे पुढे जाता येत नाही, तसेच प्रोग्रामच्या अभ्यासकाला या नोंदीवाचून जाता येणार नाही. टिंबापुढची दोन-तीन अक्षरे हीच पुष्कळदा त्याला उपलब्ध असलेली एकमेव पुष्पिका असते.